चेहऱ्याची रया गेली म्हणून इंजेक्शन बंद करायचं का?

प्रश्न: वय ४९, उंची १५५ सेंटिमीटर. सात वर्षांपासून मधुमेह आहे. पाच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी टिर्झेपेटाइडचं आठवड्याला एक असं इंजेक्शन सुरू केलं, दर महिन्याला डोस वाढत गेला. वजन ८४ वरून ६७ किलोवर आलं, तीन महिन्यांची साखर ८.६ वरून ६.१ झाली, रक्तदाबाची गोळी निम्मी झाली. पण गाल बसले, डोळ्यांखाली खड्डे पडले, गळ्याची कातडी लोंबायला लागली. जो भेटेल तो विचारतो, ‘बरं नाहीये का?’ पाच महिन्यांवर मुलीचं लग्न आहे. इंजेक्शन थांबवलं तर चेहरा पुन्हा भरेल का? की फिलर करून घेऊ? भूक अजिबात लागत नाही, दिवसभरात एखादी पोळी आणि रात्री सूप एवढंच जातं.

उत्तर:

चेहऱ्यासाठी इंजेक्शन बंद करू नका आणि फिलर, म्हणजे खड्डे भरायला कातडीखाली टोचतात ते द्रव्य, एवढ्यात करू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण लग्नघरात लांबलचक वाचायला कुणाला वेळ नसतो. तरी जमेल तेव्हा पुढचंही वाचा. तुम्ही गाल, डोळे, गळा सगळं आधी लिहिलंत आणि जेवणाचं एक वाक्य अगदी शेवटी टाकलंत. त्वचारोगाचा डॉक्टर असूनही मला सगळ्यात जास्त त्या वाक्याची काळजी वाटली.

पहिल्यांदा औषधावरचा आळ दूर करू. ‘ओझेम्पिक फेस’ हे नाव २०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतून जगभर पसरलं. तिकडे सेमाग्लुटाइडचा, म्हणजे ओझेम्पिक नावाने विकल्या जाणाऱ्या अशाच इंजेक्शनचा, बोलबाला आधी झाला म्हणून नाव त्याला चिकटलं. टिर्झेपेटाइड आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं आणि तोच आळ आता त्याच्यावर येतो. चेहऱ्याची चरबी वेचून काढणारी औषधं खरोखर होऊन गेली आहेत. एचआयव्हीवरच्या सुरुवातीच्या काळातल्या काही गोळ्यांनी, विशेषतः स्टॅव्ह्युडिनने, रुग्णांचे गाल खप्पड व्हायचे, मग बाकीचं वजन कमी होवो न होवो. तुमचं इंजेक्शन त्या जातीचं नाही. ते भूक कमी करतं, माणूस कमी खातो, सगळ्या अंगावरची चरबी उतरते आणि त्यात चेहऱ्याचीही उतरते. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्यांचे असेच उतरलेले चेहरे आम्ही ही इंजेक्शनं येण्याच्या कितीतरी आधीपासून पाहत आलोय. फक्त त्यांना कुणी नाव दिलं नव्हतं.

पोटावरचे दहा किलो गेले तर पंजाबी ड्रेस सैल होतो, लोक कौतुक करतात. चेहऱ्यावरून चमचाभर चरबी गेली तरी लगेच दिसतं. असं का? गालाखालची चरबी हा एकसंध थर नाही. रोहरिच आणि पेसा या दोघांनी २००७ मध्ये शवांच्या चेहऱ्यात रंग टोचून दाखवलं, की ती वेगवेगळ्या कप्प्यांत वाटलेली असते. कानशिलाचा कप्पा वेगळा, डोळ्याखालचा वेगळा, नाकाशेजारच्या गालाचा वरचा वेगळा आणि खोल हाडाजवळचा त्याहून वेगळा. यातले खोल कप्पे वरच्या कातडीला उचलून धरतात. ते रिकामे झाले की कातडी खाली घसरते. म्हणून एकाच चेहऱ्यावर वर खड्डा आणि खाली लोंबणं असे दोन उलटे बदल दिसतात. कानशिलं आत जातात, गालाची हाडं वर येतात, आणि तेव्हाच नाकापासून ओठांपर्यंतची घडी खोल होते व जबड्याच्या कडेला गालफड उतरतं. गादीतला कापूस काढून घेतला आणि खोळ तेवढीच ठेवली, असा हा प्रकार आहे.

ही खोळ आटते, पण तिच्या सवडीने. कातडीला घट्ट आणि लवचीक ठेवणारं कोलॅजन आणि इलॅस्टिन पंचविशीत पटकन जागेवर येतं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर तेवढं येत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत बायकांच्या त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होतं असं मानलं जातं. तुमच्या बाबतीत वजन उतरण्याचा आणि पाळीच्या शेवटच्या टप्प्याचा काळ बहुधा एकत्र आलाय. यात तुमचा दोष नाही, औषधाचाही नाही.

अमेरिकेत २००९ मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या चेहऱ्यांचा एक अभ्यास झाला. दोघींपैकी एकीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, चारने जास्त असेल, तर चाळिशीच्या आत ती बहिणीपेक्षा मोठी दिसायची. चाळिशीनंतर उलट, तीच तरुण दिसायची. याचा अर्थ चाळिशीनंतर लठ्ठ राहावं असा कुणी काढू नये. पण भरलेले गाल आपलं वय किती झाकून ठेवतात ते यातून कळतं. तुमच्या चेहऱ्यावर आज जे दिसतंय त्यातलं बरंचसं एकोणपन्नासाव्या वर्षाचंच आहे. ८४ किलोंनी ते झाकलेलं होतं.

आता वेगाकडे येऊ, कारण तो आपल्या हातात आहे. टिर्झेपेटाइडच्या २०२२ सालच्या मोठ्या चाचणीत सगळ्यात वरच्या डोसवर, म्हणजे १५ मिलिग्रॅमवर, लोकांचं वजन ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्क्यांनी उतरलं. त्या लोकांना मधुमेह नव्हता. मधुमेह असलेल्यांचं साधारण याहून कमीच उतरतं. तुमचं पाच महिन्यांत २० टक्के उतरलंय. हे एकट्या औषधाचं काम नाही. औषधाने भूक घालवली आणि तुम्ही जवळजवळ उपास धरलात, या दोन्हींची ही बेरीज आहे.

एखादी पोळी, थोडं सूप आणि चहातलं दूध मिळून दिवसाला पंधरा-वीस ग्रॅम प्रथिनं जेमतेम होत असतील. एवढ्यावर शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत काही जणांचं शरीर स्कॅन करून मोजलं होतं. उतरलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता, स्नायू, पाणी वगैरेंचा होता. टिर्झेपेटाइडच्या चाचणीत हा भाग सुमारे २५ टक्के निघाला. ते लोक तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जेवत होते. सूपवर राहणाऱ्यांचं काय होत असेल त्याचा अंदाज करा. चेहरा ‘आजारी’ दिसतो तो नुसत्या चरबीच्या कमतरतेने नाही. मान बारीक होते, खांदे पडतात, चालण्यातला जोर जातो आणि बघणाऱ्याला हे सगळं एकदम दिसतं. त्याला वाटतं आपण चेहरा पाहिला.

आपल्या लोकांना स्नायू गमावण्याची ही चैन आणखीच परवडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपला स्नायूंचा साठा मुळातच तुटपुंजा असतो. त्यातूनच उधळपट्टी केली तर हाती काय राहणार?

म्हणून सगळ्यात आधी जा ते इंजेक्शन लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे, माझ्यासारख्याकडे नाही. त्यांना काही खाल्लं जात नाही हे स्पष्ट सांगा. बहुतेक जण वजनाचा काटा दाखवतात आणि ताटाबद्दल बोलत नाहीत. दर महिन्याला डोस चढवलाच पाहिजे असा नियम नाही. आहे त्यावर थांबता येतं, एक पायरी खालीही येता येतं. हा निर्णय त्यांनी घ्यायचा, तुम्ही किंवा मी नाही. सोबत ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ही भेट याच आठवड्यात घ्या. इतकं कमी खाऊन ती गोळी पूर्वीच्याच मात्रेत घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी हे ‘अशक्तपणा’ म्हणून अंगावर काढू नका.

जाताच आहात तर डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या. डोळ्यांखालच्या खड्ड्यांसाठी रुग्ण माझ्याकडे येतात, पण मधुमेहात साखर फार झपाट्याने खाली आली की पडद्याचा जुना आजार काही काळ बळावू शकतो. तुमची साखर ८.६ वरून ६.१ वर आली, तेही पाच महिन्यांत. खड्डे नंतर बघू, पडदा आधी.

पुढचा मुद्दा जेवणाचा. तुमच्या वजनाला दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. त्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री करून घ्या. ८० ग्रॅम ऐकून बायका घाबरतात, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. दोन अंडी १२, शंभर ग्रॅम पनीर १८, मूठभर म्हणजे तीस ग्रॅम कोरडे सोया चंक्स १५, वाटीभर घट्ट डाळ ७, वाटीभर दही ५ आणि दुधात किंवा पाण्यात व्हे प्रोटीनचा एक चमचा, त्याच्या डब्यातला मोठा, साधारण २२. झाले ८० च्या घरात. मासे खात असाल तर शंभर ग्रॅम बांगड्यातून १९-२० मिळतात, मग पनीर सोडलं तरी चालेल. पातळ वरणाला प्रोटीन समजू नका, त्यात डाळीपेक्षा पाणी जास्त असतं. या औषधावर पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे एका बैठकीत जाणार नाही. पाच-सहा वेळा थोडं थोडं खा, आणि ताटात प्रथिनांचं जे असेल ते पहिलं खा. पोळी उरली तर उरली.

आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचला. चालणं चांगलंच, पण स्नायू टिकवायला ते पुरत नाही. जिम नको असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून दंड आणि पाण्याच्या बाटल्या उचलणं यापासून सुरुवात करा. फेस योगाबद्दल मला रोज कुणीतरी विचारतं. गाल फुगवून किंवा तोंड वेडंवाकडं करून चरबी परत येत नाही. करायला आवडत असेल तर करा, एवढंच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. इंजेक्शन थांबवलं तर चेहरा भरेल का? थोडाफार भरेल, पण त्याच्याबरोबर काय काय परत येईल ते बघा. एका चाचणीत टिर्झेपेटाइड ३६ आठवडे दिल्यावर अर्ध्या लोकांना त्यांच्या नकळत औषध नसलेल्या नुसत्या सुया दिल्या. पुढच्या ५२ आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी १४ टक्क्यांनी वाढलं. परतणारं वजन गालांवर आधी बसेल अशी काही हमी नाही. आपल्याकडे ते बहुधा पोटावर बसतं. गेलेला स्नायू तर व्यायामाशिवाय येतच नाही. तुमची साखर ६.१ आहे, रक्तदाबाची गोळी निम्मी झालीय. मुलीच्या लग्नातल्या फोटोंसाठी हे सगळं परत देऊन टाकायचं, हा सौदा मला तरी पटत नाही. तब्येतीमुळे थांबवायची वेळ आली, उलट्या थांबत नाहीत, पोटात पाठीपर्यंत जाणारी असह्य कळ येते, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. तिथे चेहऱ्याचा विचारच नको.

फिलर एवढ्यात का नको, ते सांगतो. वजन अजून उतरतंय. आज खड्डा भरला तर दोन महिन्यांनी शेजारी दुसरा पडेल आणि भरलेला भाग उंचवट्यासारखा दिसेल. उलट वजन थोडं परत वाढलं तर चेहरा सुजल्यासारखा वाटेल. काटा किमान तीन महिने एका जागी थांबावा आणि मग आरशाकडे बघावं, अशी माझी पद्धत आहे. अनेकांचा अर्धा प्रश्न तोवर आपोआप सुटलेला असतो. पाणी आणि अन्न नीट जायला लागलं की डोळे तेवढे खोल दिसत नाहीत, कातडीही थोडी आटते. सगळी आटेल असं मात्र वचन देत नाही.

तोवर तुम्हीच एक तपासणी करून बघा. हातात आरसा घेऊन दिवसाउजेडी खिडकीकडे तोंड करून बसा आणि चेहरा नीट पाहा. मग त्याच आरशात उताणं पडून पाहा. आडवं झाल्यावर बरेच दोष गायब झाले तर कातडी सैल आहे, खड्डे तसेच राहिले तर आतला भराव कमी आहे. दोघांचे उपाय वेगळे. आणि लिफ्टमधल्या आरशावर मुळीच विश्वास ठेवू नका. वरून पडणारा दिवा प्रत्येक खळग्यात सावली भरतो. डोळ्यांखालची काळी वर्तुळं ‘वाढली’ म्हणतात तीही बरेचदा वाढलेली नसतात. आपल्या त्वचेत तिथे रंग मुळातच थोडा जास्त असतो, त्यावर खड्ड्याची सावली पडली की दुप्पट दिसतो. अशा वेळी रंग उजळायच्या क्रीमवर पैसे घालवून काही होत नाही.

आणखी एक गोष्ट जवळजवळ कुणीच विचारत नाही, ती म्हणजे दाढा. मागच्या दाढा काढून तिथे काहीच बसवलं नसेल तर गाल आत जातात. भरलेल्या चेहऱ्यात हे लपतं, उतरलेल्या चेहऱ्यात उघडं पडतं. असे रुग्ण मी फिलरच्या आधी दंतवैद्याकडे पाठवतो. कधीकधी ते परत येत नाहीत, कारण गरजच उरत नाही.

केसांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण कंगव्यात गुंता वाढला असेल तर घाबरू नका. झपाट्याने वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि साधारण सहा महिन्यांत थांबतात. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी १२ तपासा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत, त्यातून शाकाहारी असतील तर, बी १२ खाली गेलेलं सापडतं. आणि मान बघितलीत का? मानेवरचा तो काळा मखमली पट्टा बहुतेकांचा या काळात फिका पडलेला असतो. वर्षानुवर्षं साबण घासून न गेलेला ‘मळ’ रक्तातलं वाढलेलं इन्सुलिन उतरल्यावर जातो. चेहऱ्याच्या दुःखात याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आजपासून करण्यासारखं फार थोडं आहे. सकाळी एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन भरपूर, रात्री साधं मॉइश्चरायझर आणि त्वचेला सोसलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रेटिनॉइनची कमी ताकदीची क्रीम, सुरुवातीला एक दिवसाआड. फेशियल, मसाज, ब्युटी पार्लरमधली ‘गाल भरणारी’ मशीनं यांनी खोल कप्पे भरत नाहीत. हायफू नावाचं जे यंत्र कातडी आवळायला वापरतात, ते आधीच उतरलेल्या चेहऱ्यावर चुकीच्या खोलीवर लावलं तर उरलीसुरली चरबीही कमी होऊ शकते. तुमच्या चेहऱ्यावर मी ते सध्या लावणार नाही.

वजन थांबल्यावरही खड्डे सलत असतील तर मग पर्याय बोलू. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा फिलर लगेच परिणाम दाखवतो, वर्षभराच्या आगेमागे टिकतो आणि नको वाटला तर हायलुरॉनिडेझ टोचून विरघळवता येतो. पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडसारखी कोलॅजन वाढवणारी इंजेक्शनं हळूहळू काम करतात, महिनाभराच्या अंतराने दोन-तीन वेळा घ्यावी लागतात आणि परिणाम कळायला काही महिने जातात. ही पद्धत मुळात एचआयव्हीच्या त्या खप्पड गालांसाठीच २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाली होती. पण ही इंजेक्शनं त्या फिलरसारखी विरघळवता येत नाहीत. स्वतःच्याच पोटाची चरबी गालात भरतात तिचं वजन तुमच्याबरोबर वर-खाली होतं, म्हणून औषध चालू असताना ती मी टाळतो. गळ्याची बरीच सैल झालेली कातडी कुठल्याच इंजेक्शनने आवळत नाही, तिथे शस्त्रक्रियाच लागते. धाग्यांनी चेहरा ओढण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, परिणाम थोडे दिवस आणि खर्च भरपूर.

यातलं काहीही कराल ते पात्र त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच करा. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर कातडी काळी पडते, क्वचित डोळा जातो. टोचणाऱ्याजवळ हायलुरॉनिडेझ तयार आहे का, हे खुर्चीत बसण्याआधी सरळ विचारा. तो चिडला तर उठून या.

लग्नापुरता हिशेब असा. पहिले दोन महिने फक्त डोस, जेवण आणि व्यायाम. काटा स्थिर झाला असेल तर लग्नाआधी दीड-दोन महिन्यांवर एकदा दाखवा. तेव्हा डोळ्यांखाली आणि कानशिलात थोडा फिलर पुरेल का ते ठरवू. करायचाच तर शेवटच्या तीन आठवड्यांत नाही, कारण सूज आणि निळे डाग दहा-पंधरा दिवस राहू शकतात. काटा अजून हलत असेल तर लग्नाआधी काहीच नको, चांगला मेकअप करणारी शोधा आणि तिला सांगा की गालाच्या हाडाखाली गडद छटा मारू नको. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर फिलरसाठी ती मनाने बंद करू नका, आधी विचारा. आणि पुढे कधी भूल देऊन काही करायचं ठरलं, चेहऱ्याचं असो की दुसरं काही, तर भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू असल्याचं आणि शेवटचं कधी घेतलं ते आठवणीने सांगा. पोट उशिरा रिकामं होत असल्यामुळे रात्रीपासून उपाशी असूनही त्यात अन्न असू शकतं.